खंजिरी घेऊन जपानला

गॅदरिंगच्या कराओकेसाठी सोपं जपानी गाणं शोधताय? मग स्वतःची गाणी घेऊन जपानला गेलेल्या वऱ्हाडी माणसाबद्दल वाचाच.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत ३० एप्रिल १९०९ रोजी माणिक इंगळे यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. पुढे लोक त्यांना तुकडोजी महाराज म्हणू लागले.

साथीला खंजिरी. शब्द रोजच्या बोलण्यातले, मराठी नि हिंदी. चाल अशी, की एकदा ऐकली की कुणालाही मागून म्हणता यावी. त्यामुळे महाराज गायला लागले की अख्खं गाव गायचं! १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९४२ च्या चळवळीत हीच भजनं इंग्रजांना खुपली अन् महाराजांना तुरुंगात जावं लागलं.

१९५५ मध्ये जपानमधल्या विश्वधर्म परिषदेचं बोलावणं आलं. महाराजांनी तिथंही खंजिरीच वाजवली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले. त्यांची भजनं मात्र वऱ्हाडातल्या गावागावांत अजून गायली जातात.

तेव्हा गाणं जपानी घ्या नाहीतर वऱ्हाडी, आपल्या गळ्याला झेपेल अन् समोरच्यालाही सोबत म्हणता येईल, असंच निवडा!