प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी

गणित व इतिहास या दोन्ही शास्त्रांत सारखाच लौकिक मिळविणारे पुरुष विरळा. प्रा. कोसंबी हे त्यांपैकी एक होत. त्यांचा जन्म ता. ३१ जुलै १९०७ रोजी गोमंतकात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. त्यांच्यासमवेत दामोदर १९१८ साली अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर होऊन स्वदेशी परतले. काशी व अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

तेथे असता १९४३ साली त्यांनी संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो ज्या अडचणीतून वाट काढतो, ती टेमघरच्या आमच्या बालवाचकांस संत्र्यावरून समजेल. संत्र्याच्या त्रिज्येचा दहावा हिस्सा साल असेल, तर घनफळाचे शेकडा २७ भाग सालीतच जातात. लांबी, रुंदी, उंची या तीन दिशांऐवजी दहा दिशांचे संत्रे कल्पिले, तर साल शेकडा ६५ भाग व्यापील. शंभर दिशांचे कल्पिले, तर गर जवळजवळ उरणारच नाही!

ही केवळ कल्पनेची क्रीडा नव्हे. संख्याशास्त्रात प्रत्येक माप ही एक दिशाच होय. एका मुलाची परस्परांवर अवलंबून नसलेली शंभर मापे घेतली, तर त्या सर्वांत सरासरीजवळ असणारा मुलगा बहुधा सापडत नाही. मापे वाढतात तसे क्षेत्र अफाट होते व नमुने अपुरे पडतात. वक्ररेषेस तर अशी मापे अगणित. कोसंबींनी दाखविले की, वक्ररेषांच्या चढउतारांचे परस्परांशी असंबद्ध अशा घटकांत पृथक्करण करून ते महत्त्वाच्या क्रमाने मांडता येतात. मग पुष्कळदा पहिले थोडेच घटक पुरतात. पुढे कार्हुनेन व लोएव्ह यांनी हीच रीत स्वतंत्रपणे शोधिली, आणि ती बहुधा त्या दोघांच्याच नावाने ओळखली गेली.

अशीच दृष्टी त्यांनी इतिहासास लाविली. नाणे हातोहात फिरता झिजते; अधिक काळ चाललेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते व वजनांतील तफावत वाढते. या नियमाच्या आधारे त्यांनी तक्षशिलेच्या प्राचीन नाण्यांचा कालक्रम लावण्याचा यत्न केला.

१९४५ ते १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. ता. २९ जून १९६६ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. पुष्कळ मोजणे हे कष्टाचे काम खरे. परंतु मोजलेल्यांतून सार कोणते हे ओळखणे त्याहूनही कठीण. त्यांच्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी हा विवेक घ्यावा.