विश्लेषण : टीव्हीवरचा फुटबॉल अंगठ्यावर आणणारे गुन्पेई योकोई कोण होते?

टीव्हीला जोडायचा स्वस्त व्हिडिओ गेम, एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम आणि त्या यादीत कुठेतरी ‘सॉकर’. सातारा-सांगलीत नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर लहानाचे मोठे झालेल्या अनेकांना हे आठवत असेल. मूळ ‘सॉकर’ जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ मध्ये ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी आणला. आपल्याकडे बाजारात मिळत ते बहुतेक या यंत्राचे नकली अवतार. त्यात खेळाडूला पळवणारे, अधिक चिन्हासारखे बटण घडवणारे अभियंते म्हणजे गुन्पेई योकोई.

पत्त्यांच्या कारखान्यातून खेळण्यांकडे कसे?

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटोत झाला. दोशिशा विद्यापीठातून शिकून ते १९६५ मध्ये निन्टेंडोत लागले. १८८९ पासून पत्ते बनवणाऱ्या या कंपनीत यंत्रांची देखभाल हे त्यांचे काम. रिकाम्या वेळात त्यांनी गंमत म्हणून लांबवर जाऊन वस्तू पकडणारा हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला. ओरडा बसण्याऐवजी तो विक्रीसाठी तयार करण्याचा आदेश मिळाला. १९६६ मध्ये आलेला हा ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांहून अधिक विकला गेला.

त्यांची विचारपद्धत काय होती?

जुने झालेले, स्वस्त आणि खात्रीचे तंत्रज्ञान घ्यायचे आणि त्याचा कुणी न केलेला उपयोग करायचा. कॅल्क्युलेटरच्या कंपन्यांमधील स्पर्धेमुळे छोटे पडदे आणि चिप स्वस्त झाल्या होत्या. त्यातूनच १९८० मध्ये खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ आला. किर्लोस्करवाडी ठाऊक असलेल्या सांगलीकरांना ही रीत परकी वाटणार नाही. सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही शेतकऱ्याच्या गरजेतूनच लोखंडी नांगर घडवला होता.

ते बटण इतके महत्त्वाचे का?

त्या काळी खेळाडू हलवायला उभी दांडी असे. मिटून ठेवायच्या छोट्या गेममध्ये ती बसेना. म्हणून योकोई यांनी १९८२ च्या ‘डाँकी काँग’मध्ये चपटे, चार दिशांचे एकसंध बटण बसवले. एक बाजू दाबली की समोरची वर येते. त्यामुळे एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांची आज्ञा जात नाही आणि अंगठ्याला न बघता दिशा कळते. १९८३ मध्ये मासायुकी उएमुरा यांच्या पथकाने हेच बटण फॅमिकॉमच्या रिमोटवर घेतले. डावा अंगठा खेळाडू पळवणार, उजवा पास देणार किंवा गोल मारणार. ‘सॉकर’ त्यावरच चालला. पुढे फुटबॉलचे गेम कितीही खरेखुरे दिसू लागले, तरी हे बटण रिमोटवर टिकून राहिले.

मग घसरण कशी झाली?

१९८९ मध्ये त्यांच्या पथकाने ‘गेम बॉय’ आणला. पडद्यावर रंग नव्हते, पण किंमत कमी आणि चार सेलवर तो बराच वेळ चाले. रंगीत पडद्याच्या प्रतिस्पर्ध्यांना त्याने मागे टाकले. पुढे आलेल्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र फसला. फक्त लाल रंगाची चित्रे, डोळ्यांवर ताण आणि चढी किंमत. वर्षभरातच तो बंद झाला. योकोई यांनी १९९६ मध्ये निन्टेंडो सोडली. या अपयशामुळे त्यांना जावे लागले, असे आजही सांगितले जाते. त्यांनी स्वतः मात्र ते नाकारले होते.

अखेर कशी झाली?

त्यांनी ‘कोतो’ ही स्वतःची कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या हातातल्या यंत्रावर काम सुरू केले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर त्यांच्या गाडीचा किरकोळ अपघात झाला. पाहणी करण्यासाठी ते खाली उतरले आणि दुसऱ्या वाहनाने त्यांना धडक दिली. त्यांचे वय ५६ होते. वंडरस्वान १९९९ मध्ये बाजारात आला. त्यासोबत आलेल्या एका कोडेवजा गेमला त्यांचेच नाव देण्यात आले, ‘गनपे’.