ऊन काचेबाहेर अडवणारे ल कॉर्ब्युझिए

नंदुरबारच्या मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीसमोर बसून पाहा, डोळे दिपतात. पडदा ओढला तर भर दिवसा ट्यूब लावा! याच उन्हाने एका जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराला धडा दिला, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो.

ल कॉर्ब्युझिए १८८७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मले. चंदीगडचा आराखडा त्यांचाच. आधी त्यांना काचेचे भारी वेड. १९३३ मध्ये पॅरिसला त्यांनी निराधारांसाठी निवारा बांधला. दक्षिणेला अख्खी बंद काचेची भिंत. उन्हाळ्यात आतली माणसे उकडून निघाली. पुढे त्याच काचेबाहेर काँक्रीटचे आडोसे करावे लागले.

नंतर त्यांनी अहमदाबादला गिरणीमालक संघाची इमारत बांधली, ती १९५४ मध्ये पूर्ण झाली. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्या काळात त्यांच्याकडे कामाला होते. इमारतीच्या पश्चिमेला काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरप्या आहेत, कारण मावळतीचे ऊन खालून येते, नुसता छज्जा त्याला पुरत नाही. पूर्वेला साबरमतीकडे फळ्या सरळ, म्हणजे वाराही येतो, नदीही दिसते. १९६५ मध्ये समुद्रात पोहताना त्यांचे निधन झाले.

पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, ताप घरातच राहतो. फळी ते बाहेरच थोपवते. रौप्यमहोत्सवी डागडुजीत पश्चिमेच्या खिडक्यांना उभ्या पट्ट्या बसवाव्यात आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, असे मला वाटते. ऊन काही ठरावीक घरांनाच लागते, पण सोसायटी सगळ्यांची आहे.