आजन्म विद्यार्थी : पंडित विष्णू नारायण भातखंडे

विद्येच्या प्रांतात दोन प्रकारची माणसे आढळतात. पदवी हाती पडताच पुस्तक मिटून ठेवणारी एक, आणि पदवी ही शिक्षणाची पहिली पायरी मानणारी दुसरी. हिंदुस्थानी संगीताला शास्त्राची बैठक देणारे पं. विष्णू नारायण भातखंडे हे या दुसऱ्या प्रकारातील थोर पुरुष होत. त्यांची ओळख संगीताचे आचार्य अशी असली, तरी त्यांचे चरित्र वाचताना मनावर ठसते ते त्यांचे विद्यार्थीपण.

दि. १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या शुभदिनी, मुंबईतील वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. घराणे गवयांचे नव्हते. परंतु गाण्याची आवड उपजत होती. वल्लभदास दामुलजी यांच्याकडे त्यांनी सतारीचे धडे घेतले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली बी.ए. व १८८७ साली एलएल.बी. होऊन ते वकिली करू लागले. तत्पूर्वीच, १८८४ साली, ते मुंबईतील गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले होते. पारशी गृहस्थांनी चालविलेल्या या संस्थेत रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून शेकडो ध्रुपदे आणि अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल त्यांनी आत्मसात केले. दिवसा न्यायालय आणि सायंकाळी गाणे, असा त्यांचा क्रम होता.

वकिलाची चिकित्सक बुद्धी त्यांना स्वस्थ बसू देईना. एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गात. असे का, हे विचारल्यास आमच्या घराण्यात असेच गातात, यापलीकडे बहुधा उत्तर मिळत नसे. संस्कृत ग्रंथ उघडावेत, तर त्यांतील संगीत आणि मैफलीत ऐकू येणारे संगीत यांचा मेळ बसत नसे. प्रचारातील गायनाला आधार देईल असे शास्त्र कोठे आहे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही.

या काळात त्यांच्यावर नियतीचे कठोर आघात झाले. १९०० साली पत्नीचे आणि १९०३ साली एकुलत्या एका कन्येचे निधन झाले. ज्या दुःखाने सामान्य माणूस खचून जावा, ते उरात दाबून त्यांनी ज्ञानाची वाट धरली. १९०४ साली दक्षिण भारताचा प्रवास करून तेथील पंडितांशी त्यांनी चर्चा केल्या. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितार यांची भेट घेतली. व्यंकटमखी पंडिताच्या ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या ग्रंथातील ७२ मेळांची रचना त्यांना मोलाची वाटली. त्यानंतर १९०७ व १९०८ साली नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, अलाहाबाद, बनारस, लखनौ अशी शहरे त्यांनी पालथी घातली. भेटीगाठींची टिपणे ते काळजीपूर्वक लिहून ठेवीत. पुढे वकिलीचा चालता व्यवसायही त्यांनी सोडून दिला.

उस्तादांकडून विद्या मिळविणे मात्र सोपे नव्हते. पिढ्यान्पिढ्या जपलेल्या चिजा हीच त्या कलावंतांची मुद्दल होती, आणि मुद्दल कोणी सहजासहजी परक्याच्या हाती देत नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. भातखंडे यांनी त्यासाठी मानापमान बाजूस ठेवला. पन्नाशी उलटल्यावर, ग्रंथकार म्हणून नाव झालेले असतानाही, त्यांनी रामपूर दरबारात शिष्यत्व पत्करले आणि तानसेनाच्या परंपरेतील वजीर खाँ यांच्याकडून विद्या घेतली.

जे मिळविले ते त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. १९०९ साली ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने प्रसिद्ध केला. १९१० पासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथमालेचे चार भाग निघाले. गुरुशिष्यांच्या संवादातून विषय उलगडणाऱ्या या ग्रंथात शंका विचारणाऱ्या शिष्याला मानाचे स्थान आहे. बिलावल, कल्याण, खमाज अशा दहा थाटांत त्यांनी रागांची व्यवस्था लावली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली व तार सप्तकासाठी वर टिंब, अशी सुटसुटीत स्वरलिपी सिद्ध केली. त्या लिपीत सुमारे १८०० चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत आल्या. जी चीज ऐकावयास मिळणेही दुर्मीळ होते, ती सामान्य घरातील मुलामुलींच्या हाती आली.

१९१६ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने बडोदे येथे अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिचे सूत्रधार भातखंडेच होते. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. लखनौच्या या संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले व आज ती विद्यापीठ झाली आहे.

त्यांच्या कार्यावर टीकाही झाली. सर्व राग दहा थाटांत बसत नाहीत, कागदावरील खुणांत गळ्यातील बारकावे उतरत नाहीत, हे आक्षेप जाणकारांनी घेतले आणि त्यांत तथ्य आहे. उस्तादांविषयीची त्यांची काही मतेही कठोर होती. परंतु मतभेद मांडण्यासाठी जो लेखी आधार लागतो, तोही बव्हंशी त्यांनीच उपलब्ध करून दिला. ती टिपणे झाली नसती, तर कित्येक चिजा वृद्ध गायकांबरोबरच लोप पावल्या असत्या.

१९३३ साली पक्षाघाताने ते अंथरुणास खिळले. दि. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीस, त्यांची प्राणज्योत मालवली. ‘क्रमिक’चे अखेरचे भाग त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले. त्यांचा वंश पुढे चालला नाही. मात्र श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारख्या शिष्यांनी विद्येचा वारसा चालविला.

निवृत्तीनंतर आता काय शिकावयाचे, असे आमच्या वयाची मंडळी सहज म्हणून जातात. पन्नाशीनंतर गुरूसमोर नम्रतेने बसणाऱ्या या विद्वानाचे चरित्र हे त्याला उत्तर आहे. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने पेटी किंवा चित्रकला शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तर तिला हसू नये. तिला वही आणि वेळ द्यावा. या आजन्म विद्यार्थ्यास ते खरे अभिवादन ठरेल.