कै. नाना शंकरशेट व इंग्रजी विद्या

आपल्या दैवज्ञ ज्ञातीत जन्मास येऊन साऱ्या मुंबई इलाख्याचे भूषण ठरलेले पुरुष म्हणून कै. जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आपल्या घराघरांतून आदराने घेतले जाते. आगगाडीच्या कामातील त्यांचा पुढाकार आणि त्यांचे दातृत्व यांविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते. परंतु इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी सरकारने आपला पैसा कोणत्या रीतीने खर्चावा, या प्रश्नावर नानांनी जी झुंज दिली, तिची माहिती त्या मानाने थोड्यांनाच असते. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा विचार करताना आजही तोच प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहतो. म्हणून नानांच्या चरित्रातील तेवढ्याच भागाचे स्मरण येथे करावयाचे योजिले आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेट हे मुंबईतील नामांकित व्यापारी. त्यांनी मुलाला मराठी व संस्कृताबरोबर इंग्रजीचेही शिक्षण घरीच मिळेल अशी तजवीज केली होती. १८२२ साली पितृछत्र हरपले आणि ऐन तारुण्यात मोठ्या इस्टेटीचा व व्यापाराचा भार नानांच्या शिरावर आला. वैभवात वाढलेल्या तरुणाचे पाऊल घसरावयाचे, ते हेच वय. परंतु नानांनी त्याच सुमारास आपले लक्ष विद्याप्रसाराकडे वळविले.

तो काळही तसाच होता. हिंदुस्थानातील विद्यावृद्धीसाठी दरसाल निदान एक लाख रुपये खर्चावे, असे विलायतेच्या पार्लमेंटाने १८१३ च्या सनदी कायद्याने ठरविले होते. पण एवढ्या अफाट देशाला ती रक्कम कितीशी पुरणार? मुंबईस गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने १८२२ साली शाळा व शाळापुस्तके यांसाठी एक स्वतंत्र मंडळी उभी राहिली. हीच पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्ध झाली. सरकारने तिला द्रव्यसाहाय्य दिले आणि शहरातील सधन गृहस्थांनी आपली भर घातली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यासारख्यांच्या परिश्रमाने मराठीत पाठ्यपुस्तके तयार झाली, आणि मुंबईत शिकून तयार झालेले पंतोजी कोकण, दख्खन व गुजराथ या प्रांतांत पाठविण्यात आले. इंग्रजीची शाळाही सोसायटीने चालविली. या कार्यातील एतद्देशीय धुरीणांत नानांचे नाव अग्रभागी होते.

१८२७ साली एल्फिन्स्टनसाहेब स्वदेशी परतावयास निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला. इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य शास्त्रे शिकविणारे अध्यापक विलायतेहून आणावे, हा त्याचा हेतू होता, आणि त्यास सरकारनेही साहाय्य केले. पुढे वेस्ट व क्लेअर यांच्या नावांच्या शिष्यवृत्त्यांमुळे होतकरू विद्यार्थ्यांस आधार मिळाला. लहानपणीच पित्यास अंतरलेले दादाभाई नौरोजी हे याच शाळांतून विनाशुल्क शिकले, क्लेअर शिष्यवृत्तीचे मानकरी झाले आणि पुढे एल्फिन्स्टन संस्थेतील पहिले हिंदी प्राध्यापक झाले. लोकांचा पैसा व सरकारचा पैसा एकत्र आला म्हणजे एखाद्या गरीब मुलाचे केवढे कल्याण होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

१८४० साली सोसायटीच्या शाळा सरकारी बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या हाती गेल्या. या बोर्डावर सोसायटीतर्फे जे तीन हिंदी सभासद गेले, त्यांत नाना हे एक. दुसरे दोघे फ्रामजी कावसजी व महमद इब्राहीम मकबा. १८४३ पासून बोर्डाचे अध्यक्षपद न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्याकडे आले. पेरीसाहेब विद्येचे खरे कैवारी होते. दादाभाईंस बॅरिस्टरीसाठी विलायतेस पाठविण्याच्या खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याची तयारी त्यांनी दाखविली होती. परंतु त्यांचे मत असे की, सरकारजवळ पैसा थोडा आहे, तेव्हा तो वरच्या वर्गांतील निवडक विद्यार्थ्यांस इंग्रजीच्या द्वारे उत्तम शिक्षण देण्यात खर्चावा. ज्ञान त्यांच्याकडून हळूहळू खाली झिरपेल.

नानांना हे पटले नाही. १ मे १८४७ रोजी लिहिलेल्या आपल्या टिपणात त्यांनी स्पष्टपणे नमूद केले की, पश्चिम हिंदुस्थानातील लोकांत उपयुक्त ज्ञान पसरविण्यास इंग्रजीपेक्षा देशी भाषाच अधिक समर्थ आहेत. स्वतः इंग्रजीत निष्णात असलेला, इंग्रजी विद्येसाठी वर्षानुवर्षे झटलेला गृहस्थ हे लिहीत होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रजी शिकू नये असे त्यांचे म्हणणे मुळीच नव्हते. ती भाषा अवश्य शिकावी, पण प्रत्येक विषय परक्या भाषेतूनच शिकण्याची सक्ती झाली तर सामान्य रयतेच्या मुलांना ज्ञानाचे दार बंद होईल, अशी त्यांची भीती होती. तिन्ही हिंदी सभासद एका बाजूस उभे राहिले, आणि सोसायटीचे जुने सेवक जर्व्हिस हेही त्यांना मिळाले. सरकारच्या न्यायाधीशाविरुद्ध, सरकारच्याच मंडळात बसून असे मत नोंदविणे त्या काळी लहानसहान धैर्याचे काम नव्हते.

वाद तीन वर्षे चालला. अखेर १८५० साली सरकारने मध्यममार्ग स्वीकारला. उच्च शिक्षणात इंग्रजीचे स्थान कायम राहिले, पण देशी भाषांतील शाळांचा आश्रय तुटला नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यात उच्च शिक्षणासाठी इंग्रजी व बहुजनसमाजासाठी देशी भाषा अशी दोहोंचीही सोय मान्य झाली, आणि खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचे तत्त्वही ठरले. हे फळ एकट्या नानांच्या प्रयत्नांचे असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांनी ज्या मताचा पाठपुरावा केला ते व्यर्थ गेले नाही, एवढे खास.

बोलल्याप्रमाणे ते वागलेही. विद्यार्थ्यांच्या सभेने १८४९ साली मुलींच्या शाळा उघडल्या, तेव्हा लोकनिंदेची पर्वा न करता नानांनी त्यासाठी आपल्या गिरगावातील वाड्यात जागा दिली. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत त्यांची नेमणूक झाली. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पश्चात मॅट्रिकच्या परीक्षेतील संस्कृतासाठी जी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली, ती मिळविणे हा पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांस मोठा बहुमान वाटे; १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली होती.

बंधुभगिनींनो, नानांच्या नावाचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्यांचा विचार अंगी बाणविणे तितके सोपे नाही. आपल्या मुलामुलींनी इंग्रजी उत्तम शिकावे, त्यासाठी सरकार जे साहाय्य देते ते निःसंकोच घ्यावे. परंतु घरची भाषा पक्की केल्यावाचून दुसऱ्या भाषेचा पाया पक्का होत नाही, हे पालकांनी विसरू नये. आणि सरकारी मदत जेथे अपुरी पडते, तेथे समाजाने आपला वाटा उचलावा, हा नानांच्या पिढीचा शिरस्ता होता. आपल्यातील एखादे हुशार मूल केवळ पुस्तकांच्या किंवा फीच्या पैशांवाचून मागे राहू नये, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून वाहिली, तर नानांचे स्मरण सार्थ झाले असे म्हणता येईल.