सुखात्मे आणि कट-ऑफची रेष: उपाशी कोण, हे आकडे कसं ठरवतात?

स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बॉन्फेरोनी' निवडलं की काही निकाल 'सिग्निफिकंट'च्या यादीतून गळतात. असं का होतं, हे समजायला मला डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं आयुष्य फार उपयोगी वाटतं.

1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसनमधून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला गेले आणि 1936 मध्ये पीएचडी झाले. भारतात परतल्यावर त्यांनी शेतातले तुकडे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून, तेवढंच पीक कापून, पूर्ण उत्पन्नाचा अंदाज काढायची पद्धत रुजवली. 1951 पासून जवळपास वीस वर्षं ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. 1971 मध्ये पद्मभूषण मिळालं. पुढे ते पुण्यात राहिले. 1997 मध्ये गेले.

त्यांचा मोठा वाद भुकेवरचा. सरासरी गरजेपेक्षा कमी कॅलरी खाणारा प्रत्येक जण कुपोषित, हे त्यांना पटत नव्हतं. गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाची रोजचीही बदलते. म्हणून रेष सरासरीच्या दोन स्टँडर्ड डेव्हिएशन खाली ओढा, असं ते म्हणत. खोटे अलार्म कमी होतात, पण भुकेल्यांचा आकडाही घटतो. पुण्याचेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्यावर कडाडून टीका केली: अशाने खरे उपाशीही यादीतून सुटतील.

आता सॉफ्टवेअरकडे या. समजा, जुन्नर तालुक्यातल्या मढमध्ये तुम्ही 20 पदार्थ घेतले आणि प्रत्येकाचा मुलांच्या वजनाशी संबंध तपासला. एकाही पदार्थाचा खरा संबंध नसला आणि चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तरी 0.05 च्या रेषेवर निदान एक खोटा अलार्म वाजायची शक्यता 64 टक्के! बॉन्फेरोनी ही रेष 20 ने भागून 0.0025 वर नेतं. खोटे अलार्म बरेच कमी होतात, पण खऱ्या उपयोगाचा पदार्थही हातचा जाऊ शकतो. 'होम' हा पर्याय तेवढीच हमी देतो आणि खरे निकाल थोडे कमी गमावतो.

म्हणून पर्याय निवडण्याआधीच ठरवा: खोटा अलार्म महाग पडेल, की सुटलेला माणूस? आणि किती चाचण्या केल्या, तो आकडा रिपोर्टमध्ये लिहाच.