‘हाउंड डॉग’ची पहिली गायिका

एल्विस प्रेस्लीचे म्हणून जगभर ओळखले जाणारे ‘हाउंड डॉग’ हे गाणे मुळात एका कृष्णवर्णीय गायिकेसाठी रचले गेले होते. अलाबामात १९२६ साली जन्मलेल्या विली मे थॉर्नटन ऊर्फ ‘बिग ममा’ किशोरवयातच एका फिरत्या संगीतमंडळीत दाखल झाल्या. माउथ ऑर्गन आणि ड्रम त्या स्वतःच शिकल्या. ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी हे गीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्याचे रचनाकार लायबर आणि स्टोलर अवघे १९ वर्षांचे होते. बाईच्या जिवावर जगणाऱ्या ऐतखाऊ पुरुषाला शिकारी कुत्रा ठरवून दाराबाहेर काढणारे हे फटकळ गाणे १९५३ मध्ये ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत ७ आठवडे अग्रस्थानी राहिले.

एल्विसने १९५६ मध्ये गायिलेला अवतार लास व्हेगासमध्ये ऐकलेल्या फ्रेडी बेलच्या वाद्यवृंदाकडून उचललेला. त्यात शब्द बदलले होते. पुरुष जाऊन खराखुरा कुत्रा आला आणि गाण्यातला डंखच निघाला. खप मात्र लाखांत झाला. थॉर्नटन यांच्या सांगण्यानुसार, त्यांच्या हाती या गाण्याचे एकूण ५०० डॉलर पडले.

त्यांचेच ‘बॉल अँड चेन’ १९६७ मध्ये माँटेरे महोत्सवात जॅनिस जॉप्लिनने गाजविले. २५ जुलै १९८४ रोजी लॉस एंजेलिसमधील एका साध्या भाड्याच्या निवासात, ५७व्या वर्षी थॉर्नटन निवर्तल्या. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश २०२४ मध्ये झाला, एल्विसचा १९८६च्या पहिल्याच यादीत झाला होता.